सांभाळून घ्या, साहेब

संपादकांनी गिरणीच्या दिवसांबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात भोंगा असणार. भोंग्याबद्दल सोलापुरात सगळ्यांचं लिहून झालंय. मी होतो टाइमकीपर. मी फार तर माणसांच्या सबबींबद्दल लिहू शकतो, आणि त्यातल्या एका सबबीबद्दल लिहायला मला इतकी वर्षं लागली.

काम सोपं होतं. फाटकाच्या आत एक मोठा फळा, त्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबराचा पितळी बिल्ला. कामगाराने आत येताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकायचा. सातचा भोंगा झाला की दहा मिनिटांनी मी पेटीला कुलूप घालायचो. पेटीतले बिल्ले हजर, फळ्यावर उरलेले गैरहजर. फाटकाबाहेर बदली कामगार उभे असत. बदली म्हणजे ज्याला कायम नोकरी नाही असा माणूस. तो रोज सकाळी कार्ड घेऊन येणार, कोणी गैरहजर असला तर त्याच्या मागावर उभा राहणार, नाहीतर आल्या पावली घरी जाणार. फळ्यावर एक बिल्ला उरला की बाहेरच्या एकाला दिवस मिळाला, इतकं ते सरळ होतं.

ह्या कामात मी हुशार होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. एकदा दोन भाऊ एकाच बिल्ल्यावर काम करत होते. चेहरे सारखे, टोपी सारखी, चालणंही सारखं. एक आठवडा थोरला यायचा, एक आठवडा धाकटा, आणि दुसरा तेवढे दिवस शेतात. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, कळलं नाही, शेजारच्या मागवाल्यांना कळलं नाही. मला कळलं, कारण एक भाऊ बिल्ला उजव्या हाताने काढायचा आणि दुसरा डाव्या. खिडकीत बसून मी माणसांचे हात बघायचो, पाय बघायचो, कोण कसा श्वास घेतोय ते बघायचो. एवढं बारीक बघायची सवय ह्या माणसाला कुठून लागली, असं साहेब लोक कौतुकाने विचारायचे. कुठून लागली ते मला ठाऊक होतं, पण मी सांगत नसे.

सबब सांगून झाली की प्रत्येक जण शेवटी एकच वाक्य म्हणायचा. "जरा सांभाळून घ्या, साहेब." सांभाळणं वेगळं आणि सांभाळून घेणं वेगळं. गुरं सांभाळतात, म्हातारी माणसं सांभाळतात. सांभाळून घेणं म्हणजे दुसऱ्याचं चुकलेलं आपल्याला दिसायचं, पण ते तिसऱ्याला दिसू द्यायचं नाही. भजनात गाणाऱ्याचा ताल सुटला की तबलावाला सांभाळून घेतो, तसं. आपल्याकडे हा मोठा गुण मानतात. माझ्यात तो गुण जरा जास्तच होता.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी एका सकाळी खिडकीशी एक मुलगी आली. दहाएक वर्षांची, शाळेचा निळा परकर, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. माग खात्यातल्या दत्तोबाची ती मुलगी, सुमन. "बापूला ताप हाय," ती म्हणाली. "जरा सांभाळून घ्या म्हनलंय."

दत्तोबाला ताप कसला असतो ते सगळ्या खात्याला माहीत होतं. दारूबंदी होती, पण ती कागदावर. गुत्ते कुठे आहेत हे लहान पोरंही सांगत. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सुमन रडत नव्हती, घाबरलेलीही नव्हती. ती माझा चेहरा वाचत होती. साहेबांचा मूड कसा आहे, आता गोड बोलायचं की गप्प राहायचं, की पाया पडायचं, हे ती माझ्या भुवयांवरून ठरवत होती. अगदी शांतपणे, सराईतपणे.

ते मी ओळखलं, कारण ते माझंच होतं.

माझे अप्पा नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक होते. आम्ही शुक्रवार पेठेत राहायचो. अप्पा शुद्धीत असले की त्यांच्याइतका प्रेमळ माणूस नाही, गणित तर असं शिकवायचे की पोरं सुट्टीतही घरी यायची. पण महिन्यातले आठ-दहा दिवस ते उठूच शकत नसत. मग अव्वा, माझी आई, मला हेडमास्तरांकडे चिठ्ठी देऊन पाठवायची. "वडिलांना ताप आहे." तिसरीत असताना चिठ्ठी ती शेजारच्यांकडून लिहून घ्यायची. चौथीपासून मीच लिहायला लागलो, अप्पांच्या अक्षरात, खाली अप्पांची सही करून. निघताना ती डोक्यावरून हात फिरवून कानडीत म्हणायची, "संभाळिस्कोंडु होगप्पा." सांभाळून घेत जा, बाबा. हेडमास्तर चिठ्ठी वाचायचे, पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, गुणाचा मुलगा आहे. त्या थापेसाठी मी काहीही केलं असतं.

अप्पांच्या चपलांचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला की आज किती झालीय ते मला कळायचं. धाकट्या बहिणीला आत पाठवायचं की नाही, पाण्याचा तांब्या पुढे करायचा की लपून बसायचं, हे मी तेवढ्या वेळात ठरवायचो. घरातलं कोणीही रागावलं, रुसलं, गप्प झालं तरी ते माझ्यामुळेच आणि ते मिटवणं माझंच काम, अशी माझी पक्की समजूत होती. अशा मुलाला लोक समंजस म्हणतात. तो समंजस नसतो, भेदरलेला असतो. हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली, आणि ह्या दुखण्याला सहअवलंबित्व असं लांबलचक नाव आहे हे त्यानंतर कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीने सांगितलं. ती पुण्यात समुपदेशनाचं काम करते. ती म्हणाली, दारू पिणाऱ्याला दारू लागते आणि अशा माणसाला दारू पिणारा लागतो. मी म्हटलं, हे तुझ्या आईने मला फुकट सांगितलं होतं. पण ते पुढे.

तर त्या सकाळी मी उठलो, फळ्यावरचा दत्तोबाचा बिल्ला काढला आणि पेटीत टाकला. सुमनचा चेहरा सैल झाला. मी म्हणालो, "गुणाची मुलगी आहेस." ती हसली आणि शाळेकडे पळाली. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर मी कोणावर खेकसलो नाही.

मग ते नेमाचंच झालं. सुमन यायची, मी बिल्ला टाकायचो, शेजारचा मागवाला दोन-तीन तास दत्तोबाचे माग बघायचा, आणि दत्तोबा तोंडावर पाणी मारून मागच्या बाजूने यायचा. काही दिवशी यायचाच नाही. जॉबरही माझ्या शब्दाखातर गप्प बसायचा. दत्तोबा भेटला की हात जोडून म्हणायचा, तुम्ही देवमाणूस आहात. मी त्याला उपदेश करायचो, तो डोळ्यांत पाणी आणायचा, आणि चार दिवसांनी सुमन खिडकीशी असायची. निळ्या परकराची साडी झाली. शाळा आठवीत सुटली, कारण विड्या वळणाऱ्या आईची छाती दम्याने भरून यायची आणि तिच्या वाटच्या विड्या सुमनला वळाव्या लागत. बाप, आई, घर, आणि त्या घराची अब्रू, सगळं त्या पोरीने उचललं होतं. गिरणीत तिची वाहवा व्हायची, आणि ती वाहवा सर्वांत जास्त मी करायचो.

फाटकाबाहेरच्या बदली कामगारांमध्ये भगवान नावाचा एक जण होता. कुंभारीचा, शेतकरी घरचा, दुष्काळात गाव सोडून गिरणीच्या फाटकाशी आलेला आणि नंतर तिथलाच झालेला. रोज पहाटे सायकल मारत यायचा. फार बोलायचा नाही. एक दिवस बाकीचे बदली परत गेल्यावर तो खिडकीशी आला.

"साहेब, राग न्हाई न्हवं येनार?" त्याने विचारलं. मी मान हलवली. "दत्तोबाचा बिल्ला पेटीत पडलाय. आन् दत्तोबा तितं नाक्यावरच्या कट्ट्यावर बसलाय, मी आत्ताच बगून आलो. तुमी त्येला सांभाळून घेताय, ते चांगलंच हाय. पर मग मला कुनी सांभाळून घ्यायचं?"

आवाजात राग नव्हता. जाता जाता म्हणाला की काम मिळालं नाही तर बायकोने दिलेली भाकरी तशीच घरी न्यायला लाज वाटते, म्हणून तो ती वाटेतच खाऊन टाकतो. मग सायकलवर बसून गेला. मी सात वर्षं ज्याला दया समजत होतो ती ह्या माणसाच्या ताटातून काढून दत्तोबाला वाढलेली होती.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं ते सांगायला नको. मी काय केलं ते सांगतो. मी जॉबरच्या हातापाया पडून भगवानला दुसऱ्या खात्यात अधूनमधून दिवस मिळवून दिले, आणि दत्तोबाचा बिल्लाही टाकत राहिलो. म्हणजे दोघांनाही सांभाळून घेतलं. त्या महिन्यात मी स्वतःवर फार खूश होतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सुमन खिडकीशी आली ती पेढे घेऊन. टेंभुर्णीचं स्थळ होतं. मुलगा ट्रक चालवायचा, आईबाप नव्हते, आत्याने वाढवलेला. घेतो थोडी, सुमन म्हणाली, जणू काही त्याला चष्मा आहे असं सांगावं तसं. मग तिने मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर तेज होतं.

"काका, त्येच्या आत्याला माझ्यापेक्षा गोऱ्या पोरी सांगून आलत्या. पर ती म्हनली, हिच्या घरात हाय ते सगळं, हिला सवय हाय. हीच आमच्या पोराला नीट सांभाळून घेईल. म्हनून मला पसंत केली."

मी अर्धा पेढा खाऊन उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. हेडमास्तरांनी पाठीवर थाप मारली की माझ्या चेहऱ्यावर हेच तेज येत असणार. त्या पोरीला वाटत होतं की तिच्यातला सर्वांत चांगला गुण कोणीतरी ओळखला. आणि आता जन्मभर ती दुसऱ्या कुठल्या तरी खिडकीशी उभी राहणार होती.

घरी जाऊन मी गिरिजेला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती कमी बोलणारी बाई. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षं झाली होती, आणि त्या वीस वर्षांत मी रोज दोन-तीनदा तरी तिला विचारत असे, रागावलीस का? कुठली भाजी करू असं तिने विचारलं की मी म्हणायचो, तुला आवडेल ती. एकदा वैतागून ती म्हणाली होती, अहो, एक तरी भाजी तुमची तुम्ही सांगा. मला खरंच सांगता आली नव्हती. त्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शाळेत गेली नसेल इतक्या नेमानं ती तुमच्याकडं शिकायला आली की. सात वर्षं शिकवलंय तुम्ही तिला."

मी म्हणालो, मी तर मदत करत होतो. ती म्हणाली, "दत्तोबा उद्या प्यायचा थांबला तर सगळ्यात जास्त चुकल्या-चुकल्यासारखं तुम्हालाच होईल बघा." ते खरं होतं.

रविवारी अव्वा उखळात शेंगाचटणी कांडत बसली होती. अप्पा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी तिच्याजवळ बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, हेडमास्तरांना खरं माहीत होतं का?

"पहिल्याच चिठ्ठीला," ती कांडता कांडता कानडीत म्हणाली. "नंतर एकदा देवळात भेटले तर म्हणाले, पोराचं अक्षर छान आहे."

"मग मला का पाठवत राहिलीस?"

तिने मुसळ बाजूला ठेवलं. "तू चिठ्ठी घेऊन गेलास की मला बरं वाटायचं," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं मला?"

मला तिचा राग आला, आणि त्याच क्षणी तिची दयाही आली. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं आणि सगळे सांभाळून घेत होते. अप्पा यकृत सुजून पन्नाशीच्या आत गेले. त्यांच्या नोकरीच्या पुस्तकात एकही ठपका नव्हता. ते स्वच्छ पुस्तक माझ्या चिठ्ठ्यांनी राखलं होतं, अप्पांना मात्र राखता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन आली. "बापूला ताप हाय, काका."

"आज बिल्ला टाकणार नाही," मी म्हणालो. "उद्याही नाही. तू परत येऊ नकोस. यायचं असेल तर दत्तोबाने यावं."

तिला आधी ती थट्टा वाटली. मग तिने माझा चेहरा वाचला, आणि पहिल्यांदाच तिला तो वाचता येईना. "बापूची नोकरी जाईल की," ती म्हणाली. मी म्हणालो, जाईल कदाचित. "मग आमी काय करायचं?"

"दत्तोबाने काय करायचं ते दत्तोबा ठरवील. तुला काय करायचंय ते सांग."

हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. मग ती खिडकीच्या कडेवर डोकं ठेवून पाया पडायला लागली. माझा हात दोनदा फळ्याकडे गेला. बिल्ला बोटांना लागला, पितळ गार होतं. पण मी खाली बसलो. सात वाजून दहा मिनिटांनी पेटीला कुलूप घातलं आणि भगवानचं नाव पुकारलं. सुमन मला जे बोलली ते इथे लिहीत नाही. त्यातला बराचसा भाग रास्त होता.

त्याच दुपारी मी लेबर ऑफिसरकडे जाऊन सात वर्षांचं लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, हे फाडून टाका, मी सांभाळून घेतो. मला हसू आवरेना. कागद मी परत घेतला नाही, आणि ते दुखावले. मला खिडकीतून काढून सुताच्या गोदामात टाकलं आणि बढती कायमची बंद झाली. ते योग्यच होतं.

आता दत्तोबा सुधारला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तो तीन आठवडे वेळेवर आला. हात थरथरायचे, धागा जोडता यायचा नाही, पण आला. मग थांबला. तीन नोटिसा झाल्या, चौकशी झाली, नाव कमी झालं. भगवान पुढे त्याच मागांवर कायम झाला. मला वाटेत दिसला की तो मान लववायचा आणि मी दुसरीकडे बघायचो, कारण त्याच्या मागे मला दत्तोबा दिसायचा. ह्या गोष्टीत सगळ्यांचं भलं होईल असा कुठलाच रस्ता नव्हता, किंवा होता तो मी सात वर्षांपूर्वी सोडला होता.

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी सुमन गोदामात आली. जेवणाची सुट्टी होती. सुताच्या गाठोड्यांमधून ती वाट काढत आली आणि माझ्या टेबलापासून चार हात लांब उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही. उभ्याउभ्याच सांगायला लागली. टेंभुर्णीची माणसं सुपारी फोडायला आली होती. दहा-बारा जण, आत्या, मामा, सगळे. नवरामुलगा तेवढा नव्हता. आत्या म्हणाली, पोराला ताप भरलाय, जरा सांभाळून घ्या. घरातले सगळे हो हो म्हणाले. आई चहा टाकायला उठली.

"मी म्हनलं, ताप उतरू द्या, मग तो सोता येऊ द्या, मग बोलू," सुमन म्हणाली. "आत्या म्हनली, तुला तर सवय हाय. मी म्हनलं, व्हय, म्हनूनच. परत आलेच न्हाईत ते."

आता ती विडीच्या कारखान्यात बसते, बापाला गुत्त्यावर शोधायला जात नाही, तो येतो त्याचा तो, असंही तिने सांगितलं. आईशी रोज भांडण होतं त्यावरून. काही दिवस घरात चूल पेटत नाही. मी ऐकत होतो आणि मनात मला आनंद होत होता. मी तो लपवला नसावा, कारण ती एकदम थांबली.

"उपकार मानायला न्हाई आले मी," ती म्हणाली. "मला तुमचा राग हाय, काका. बापूची नोकरी घालवलीत त्येचा हाय. पर त्येच्यापेक्षा जास्त दुसराच हाय. मी धा वर्सांची हुते. पयल्याच दिवशी न्हाई म्हनायचं हुतं की तुमी."

माझ्या तोंडाशी खूप काही आलं. माझ्या अप्पांची गोष्ट आली, माफी आली, चहा घे आली, तुझ्यासाठी कुठे चांगलं काम बघतो, तेही आलं. एकेक वाक्य तिचा राग उतरवायला तयारच होतं. ती सगळी गिळायला मला थोडा वेळ लागला.

"खरं आहे," मी म्हणालो.

ती आणखी काही ऐकायला मिळतंय का म्हणून थोडी थांबली. मी बोललो नाही. मग पदर खोचून गाठोड्यांमधून आली तशी गेली, रागातच गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. कोणीतरी माझ्यावर रागावलेलं आहे आणि ते तसंच राहणार आहे, हे ठाऊक असताना त्या दुपारी मी डबा उघडला आणि पोटभर जेवलो.